डिस्क हवी की डिस्कमधलं?

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



ज्यांनी टेपरेकॉर्डर वापरला आहे, त्यांना 'हेड' हा शब्द नव्याने समजावून सांगायला नको. गाणं घोंगडीखालून आल्यासारखं दबकं येऊ लागलं, की आपण काडीला कापूस गुंडाळायचो, तो स्पिरिटमध्ये बुडवायचो आणि कॅसेटच्या खणातलं ते चमकतं टोक पुसून काढायचो. कापसावर तपकिरी डाग उतरला, की हेड साफ झालं. लता मंगेशकर पुन्हा मोकळ्या आवाजात गायला लागायच्या. घरातलं शाळकरी पोरही हे काम करायचं, कारण ते यंत्र फार सोशिक होतं. त्याचं हेड फितीला घासूनच वाचायचं. घासणं हाच त्याचा धर्म होता.

आज मी दुसऱ्या एका हेडबद्दल बोलणार आहे. ते कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये असतं. तेही चुंबकाची खूण वाचतं, पण त्याचा धर्म उलटा आहे. ते घासलं, की संपलं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझा भाचा आपल्या छत्रपती संभाजीनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि एका डिस्कच्या निमित्ताने मला त्याच्या बाकड्याशेजारी बरेच दिवस बसावं लागलं. जे पाहिलं आणि विचारून घेतलं, ते आपल्या कामाचं आहे. आज प्रत्येकाच्या घरात अशी एखादी डिस्क असते आणि तिच्यात लग्नाच्या फोटोंपासून जमिनीच्या कागदांपर्यंत सगळं असतं.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. हार्ड डिस्कच्या डबीत एक किंवा अनेक गुळगुळीत तबकड्या असतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या एकावर एक ठेवाव्यात तशा. मोठ्या डिस्कमध्ये त्या बहुधा ॲल्युमिनियमच्या, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये बहुधा काचेच्या. त्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. तबकडीच्या वरच्या बाजूला एक हेड, खालच्या बाजूला एक. म्हणजे दोन तबकड्या असतील तर चार हेडं. त्यांना क्रमांक शून्यापासून देतात. शून्य, एक, दोन, तीन. ही सगळी हेडं एकाच दांड्याला जोडलेली असतात. एक आत गेलं की चारही आत जातात, एक बाहेर आलं की चारही बाहेर येतात. कुणालाही एकट्याने कुठे जाता येत नाही.

अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली अमेरिकेत बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, यंत्राचं वजन टनाच्या घरात होतं आणि त्यात मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. आज तळहातावर मावणाऱ्या डबीत त्याच्या कितीतरी लाख पट मजकूर राहतो. हे शक्य झालं त्यामागे वाचणाऱ्या हेडची हुशारी आहे. १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पेटर ग्र्यूनबर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चुंबकाच्या अगदी क्षीण फरकानेही विजेचा विरोध मोठा बदलतो असे धातूचे पातळ थर शोधले. १९९७ पासून हा शोध हार्ड डिस्कच्या हेडमध्ये आला आणि २००७ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातल्या डबीत नोबेल मिळालेला शोध गुपचूप काम करत बसलेला असतो.

पण इतकं बारीक वाचायचं तर फार जवळ जावं लागतं. टेबलावरच्या कॉम्प्युटरची तबकडी साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी १३० किलोमीटरच्या आसपास भरतो. या वेगाने निघालेल्या तबकडीवर, वाऱ्याच्या पातळ उशीवर हेड तरंगतं. मधलं अंतर अवघे काही नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचे दहा हजार पदर काढले, तर त्यातला एक पदरही त्या फटीत सहज जायचा नाही. धुळीचा कण तिथे दगडासारखा. डबीला धक्का बसला, किंवा वयोमानाने हेड थकलं, की ते अडखळतं. वाचता आलं नाही की दांडा मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा प्रयत्न करतो. बाहेर आपल्याला ऐकू येतं, टिक... टिक... टिक.

मी ज्या डिस्कच्या निमित्ताने हे शिकलो, ती माझ्या एका दिवंगत मित्राची. गुलमंडीच्या बाजूला एका लहानशा खोलीत तो अक्षरजुळणीचं काम करायचा. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल यावर त्याचं पोट चाले आणि कवितांचे संग्रह तो जवळजवळ फुकटात जुळवून द्यायचा. परभणी, बीड, जालन्याकडची नवीन लिहिणारी मुलं एसटीने यायची, वहीतून फाडलेली पानं त्याच्या टेबलावर ठेवायची. संग्रह निघायचा तर निघायचा. नाही निघाला तरी कविता टाइप होऊन त्याच्याकडे राहायच्या. दुकान आवरल्यावर त्याने वीस वर्षांचं काम एका डिस्कवर एकत्र करून ठेवलं होतं. तो गेला. वर्षभराने वहिनींनी ती डिस्क काढली, तर तिचं नाव स्क्रीनवर दिसायचं, फोल्डरही उघडायचे, पण फाइल बाहेर घ्यायला गेलं की कॉम्प्युटर तटस्थ आणि डबीतून टिकटिक. त्यात पुष्कळ लोकांच्या कविता होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं चित्रीकरणही होतं आणि त्यात मित्राचा आवाज होता.

मी वहिनींना घेऊन भाच्याच्या दुकानात गेलो. त्याने डिस्क कानाशी धरली, हालवली मात्र नाही, आणि पहिला प्रश्न विचारला, "मामू, पहले बोलो, डिस्क होना की डिस्क में का होना?"

मला वाटलं, पोरगं विनोद करतंय. पण तो प्रश्नच सगळ्या कामाचा पाया आहे, आणि आज मला तेच सांगायचं आहे. डिस्क दुरुस्त करणं आणि डिस्कमधलं वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. इतकी वेगळी, की पहिलं आधी केलं तर दुसरं बहुधा कायमचं हातातून जातं.

कसं ते पाहा. चार हेडांपैकी एक बिघडलं, तर सगळी डिस्क टाकून द्यायची गरज नाही. डिस्कच्या आत एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि कोणती हेडं कामावर आहेत याचा नकाशा त्याच्यापाशी असतो. त्या नकाशातून खराब हेडचं नाव वगळता येतं. मग डिस्क त्याला हाकच मारत नाही, उरलेल्या तिघांवर भागवते. कारखान्यातही हे होतं. एखादी बाजू चाचणीत नापास झाली, तर ती वगळून तीच डिस्क कमी क्षमतेची म्हणून विकता येते. आता मोठ्या डेटा केंद्रांसाठी ही सोय यंत्रातच येऊ लागली आहे. सीगेट कंपनीची २०२१ साली आलेली कॉर्व्हॉल्ट ही साठवण-यंत्रणा आजारी हेड ओळखते, त्याला बंद करते आणि उरलेल्या हेडांवर डिस्क पुन्हा कामाला लावते. क्षमता थोडी घटते, पण डिस्क भंगारात जात नाही.

हे ऐकून मी म्हणालो, मग आपलीही अशीच करून टाक. तो हसला. त्याने समजावलं ते असं. डिस्कवरच्या प्रत्येक नोंदीला एक पत्ता असतो. चार हेडं धरून ते पत्ते सलग वाटलेले असतात. काही पट्टा शून्य क्रमांकाच्या हेडखाली, पुढचा पट्टा एकच्या, मग दोनच्या, मग तीनच्या, पुन्हा फिरून पहिल्याकडे. आता एक हेड कायमचं वगळून डिस्क 'दुरुस्त' केली, की उरलेल्या तिघांत सगळे पत्ते नव्याने वाटले जातात. गल्लीतलं एक घर पाडून बाकीच्या घरांना नवे नंबर लावले आणि पोस्टमनला जुनी यादी दिली, तर पत्रं कुठे जातील? मजकूर तबकडीवर असतो, पण तिथे पोचायची वाट मोडते. त्यावर डिस्कची चाचणी घेऊन नव्याने लिहिलं गेलं, की मजकूरही जातो. त्या मोठ्या यंत्रणांना हे परवडतं, कारण तिथे आजारी डिस्कवरचा मजकूर इतर डिस्कांच्या आधाराने पुन्हा उभा करता येतो. आपल्या घरातल्या एकुलत्या एका डिस्कला शेजारी कुणी नसतं.

म्हणून मजकूर वाचवायचा असेल, तेव्हा हेड बंद करतात ते तात्पुरतं. नकाशातला बदल डिस्कच्या चालत्या आठवणीपुरता करायचा, तिच्या कायमच्या नोंदीत नाही. वीज काढली की बदल पुसला गेला पाहिजे. पत्त्यांची जुनी वाटणी तशीच ठेवायची. बंद हेडच्या पट्ट्याची पाळी आली की तिथे मोकळी जागा सोडून पुढे जायचं. डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. आणि वाचलेलं सगळं पत्त्यासह दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवायचं. यासाठी वेगळं यंत्र आणि प्रोग्रॅम असतो. भाच्याच्या दुकानातलं ते यंत्र पाहिलं तर साधी पत्र्याची पेटी वाटते.

हे सगळ्याच डिस्कांना जमत नाही. डिस्क सुरू होताना स्वतःच्या काही खासगी नोंदी तबकडीवरूनच वाचते. त्या नोंदी ठरावीक हेडांखाली असतात. नेमकं तेच हेड गेलं असेल, तर डिस्क जागीच होत नाही. आमच्या डिस्कचं नाव स्क्रीनवर येत होतं, याचा अर्थ ते हेड शाबूत होतं. भाच्याने प्रत्येक हेडला थोडं थोडं वाचायला लावून पाहिलं. शून्य, एक आणि तीन ठीक. दोन क्रमांकाचं हेड अधूनमधून वाचत होतं, अधूनमधून हरवत होतं.

इथे त्याने सांगितलेली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. नकाशातून नाव काढलं म्हणून हेड डबीतून बाहेर जात नाही. ते त्याच दांड्यावर असतं, बाकीच्यांबरोबर आत-बाहेर करत असतं. ते नुसतं विजेने मुकं झालं असेल, तर गप्प बसवल्यावर काम भागतं. पण ते वाकलं असेल, तुटलं असेल, तर गप्प बसूनही ते तबकडी खरवडत राहतं. खरवडलेला भुगा आत उडतो आणि चांगल्या हेडांनाही मारतो. अशा वेळी डबी धूळमुक्त खोलीत उघडून त्या हेडला प्रत्यक्षच बाजूला करावं लागतं, किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कमधून हेडांचा सगळा संच काढून बसवावा लागतो. धूळमुक्त म्हणजे आपण घर झाडून घेतो तसं नव्हे. अशा कामाच्या जागेत एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या वर चालत नाहीत. पंख्याखाली बसून स्क्रूड्रायव्हरने डबी उघडणारे धन्य होत.

आमच्या डिस्कच्या आवाजात खरवडल्याची खूण नव्हती. भाच्याने दोन क्रमांकाचं हेड बंद केलं आणि तिघांकडून वाचायला सुरुवात केली. दोन दिवस ते यंत्र सावकाश उतरवून घेत होतं.

आता तुम्ही म्हणाल, चारातलं एक गेलं, म्हणजे पाऊण फाइली मिळाल्या, पाव गेल्या. मलाही तसंच वाटलं होतं. पण हिशेब तसा नसतो. आपल्या शहरातली हिमरू तुम्ही पाहिली असेल. मागावर ताण्यातला एक धागा तुटला आणि विणकाम तसंच पुढे गेलं, तर कापडाचा एक कोपरा जात नाही, सगळ्या लांबीभर रेघ पडते. तसंच इथे. बंद हेडचे पट्टे डिस्कभर पसरलेले असतात. म्हणून मोठ्या फाइलीत ठिकठिकाणी भोकं पडतात आणि लहान फाइल एक तर अख्खी मिळते, नाही तर अख्खी जाते. लग्नाचं चित्रीकरण म्हणजे मोठी फाइल. अक्षता पडतायत, चित्र गोठतं, आणि पुढे एकदम पंगत उठलेली. कविता मात्र लहान. तिला लपायला पट्ट्यातली चिमूटभर जागा पुरते. त्यातही विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीत अगदी छोटी, पाचसहाशे बाइटची फाइल तर वेगळ्या जागी जातच नाही, फाइलींच्या यादीतच नावाशेजारी बसते. साध्या मजकुराच्या फाइलीत, युनिकोडमध्ये मराठीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे चार ओळींची कविता तिथे मावते. कमी शब्दांत लिहिण्याचा असाही फायदा असेल, हे आम्हाला कुठल्या समीक्षकाने सांगितलं नव्हतं.

एक गंमतही झाली. उतरवलेल्या फाइली भाचा तपासत होता आणि शेकडो फाइली 'खराब' म्हणून बाजूला टाकत होता. उघडल्या की त्यात इंग्रजी अक्षरांचा आणि विचित्र चिन्हांचा काला दिसायचा. मी पाहिलं आणि म्हणालो, अरे, ही श्रीलिपी आहे. युनिकोड रुळण्याआधी आपली सारी मराठी छपाई अशा फाँटांवर चालायची. तो फाँट कॉम्प्युटरवर नसेल तर मराठी मजकूर असाच दिसतो. फाँट टाकला आणि त्या काल्यातून सोयाबीनवरची, बापावरची, बहिणीच्या सासरावरची कविता अक्षर-अक्षर वर आली. हेडने आपलं काम चोख केलं होतं. न वाचता येणारं सगळंच बिघडलेलं नसतं.

मग खरा प्रसंग आला. तिघांचं वाचन संपलं होतं. फाइलींची यादी हातात होती. कोणत्या फाइलीचा कोणता तुकडा त्या आजारी हेडखाली आहे, हेही यंत्र सांगत होतं. भाचा म्हणाला, आता त्या हेडला थोडा वेळ जागं करता येईल. पण त्याच्यात जीव किती आहे सांगता येत नाही. पाच मिनिटं चालेल, पाच तासही चालेल. सगळं मागितलं तर काहीच मिळणार नाही. आधी काय मागू, ते सांगा.

एका बाजूला लग्नातली भोकं होती, म्हणजे मित्राचा आवाज. दुसऱ्या बाजूला अख्ख्या गेलेल्या कविता. मी बोलण्यासारखं काही नव्हतं. वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आधी लोकांचं घ्या."

भाच्याने तेवढेच पत्ते दिले. हेड दोन-अडीच तास चाललं. गेलेल्या कवितांपैकी बऱ्याच आल्या. मग टिकटिक पुन्हा सुरू झाली, तशी त्याने वीज काढली. पुढे ताणलं नाही. मी म्हटलं, अजून एकदा बघ ना. तो म्हणाला, मामू, अब घिसेगा. तबकडी शाबूत आहे तोवर दुसरी हेडं बसवून पाहण्याची वाट मोकळी आहे. खरवडली तर तीही बंद.

हे 'पुढे न ताणणं' किती मोलाचं असतं, याचं एक उदाहरण साऱ्या जगाला माहीत आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया अंतराळयान परतताना कोसळलं, आपली कल्पना चावला त्यात गेली. त्या अवशेषांत एक जळकी, वितळलेली डबी सापडली. ती हार्ड डिस्क होती आणि झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी तिच्यात होत्या. तज्ज्ञांनी त्या डबीला दुरुस्त करायचा हट्ट धरला नाही. तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या चांगल्या यंत्रात बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के मजकूर वाचला. त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डबी गेली, डबीतलं राहिलं.

याच्या उलट उदाहरण आपल्या उशाशी आहे, अजिंठ्याला. १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारने चित्रांच्या जतनासाठी इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं रोगणही चढवलं. तेव्हा चित्रं उजळली. पुढे ते रोगण पिवळं, काळपट होत गेलं आणि खालचे रंग त्याआड गेले. ते उतरवण्याचं नाजूक काम पुरातत्त्व खात्याला पुढे वर्षानुवर्षं करावं लागलं. दुरुस्ती करताना मागे फिरायची वाट ठेवावी, हा धडा चित्राला लागू आहे आणि डिस्कलाही.

अजिंठ्याचा आणखी एक धडा आहे, तो प्रतींचा. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून पुढे कित्येक वर्षं तिथे बसून चित्रांच्या नकला करत राहिले. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी नव्याने नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या पुष्कळ गेल्या. एवढे कष्ट दोनदा जळाले, कारण प्रती एकाच छताखाली होत्या. माझ्या मित्राने वीस वर्षांचं काम एका डिस्कवर आणलं, तेव्हा त्याला वाटलं असेल, सगळं एका जागी सुरक्षित झालं. आपल्यालाही असंच वाटतं.

म्हणून आता थोडं कामाचं सांगतो. डिस्कमधून नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला, की सगळ्यात आधी वीज काढा. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, प्रत्येक वेळी हेड तबकडीवरून फिरतं. ती आपटू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजमधून काढली की आत दव धरतं. कॉम्प्युटर 'तपासून दुरुस्त करू का' असं विचारेल, त्याला नाही म्हणा, कारण ती दुरुस्ती आजारी डिस्कवर लिहायला लागते. दुकानात गेलात की पहिल्या वाक्यात सांगा, मला डिस्क नको, तिच्यातलं हवं आहे. समोरचा लगेच स्क्रूड्रायव्हर उचलू लागला, तर डिस्क परत घ्या. काय काय हवं याची यादी, महत्त्वाच्या क्रमाने, घरीच करून न्या.

उलट बाजूने, स्वस्तात जुनी डिस्क मिळत असेल, तर ती एखादं हेड बंद करून पुन्हा उभी केलेली असू शकते. बेइमानी न करता तसं सांगून विकली, तर सिनेमे ठेवायला ती वाईट नाही. एकमेव प्रत ठेवायला मात्र नको. ज्या डबीत एक हेड गेलं, तिथे बाकीच्यांचं वयही तेवढंच झालेलं असतं.

आता नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा तबकडीची डिस्क नसते, एसएसडी असते. तिला हेडच नाही, टिकटिकही नाही. पण ती जाते तेव्हा पुष्कळदा काही न सांगता जाते. म्हणून नियम तोच. तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक घराबाहेर, भावाकडे, मुलीकडे, कुठेही, पण दुसऱ्या छताखाली.

आमच्या मित्राची डिस्क वहिनींनी कापडात गुंडाळून ठेवली आहे. ती दुरुस्त केलेली नाही, म्हणूनच लग्नाचं चित्रीकरण अजून हातचं गेलेलं नाही. पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रयोगशाळेत हेडं बदलून पाहायची, तर त्याच जातीची डिस्क शोधायला हवी आणि पैसे जमायला हवेत. दोन्ही चालू आहे. माझ्याकडे आहे ती उरलेल्या कवितांची यादी. नावं आहेत, मजकूर नाही. मी एकेका कवीला फोन करतो. कुणी म्हणतो, वही आहे. कुणी म्हणतो, ती तर त्यांच्याकडेच दिली होती. एकाची बायको म्हणाली, ते आता लिहीत नाहीत, पण ट्रंक बघते. तिने पाहिली, आणि तीन कविता पोस्टाने आल्या, शाई फुटलेल्या, पण पूर्ण.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांनी कधी काळी गुलमंडीच्या त्या खोलीत आपली पानं नेऊन दिली असतील, त्यांनी एकदा घरातली जुनी ट्रंक उघडून पाहावी. वही असेल तर ती टाइप करून घ्या. आणि टाइप झाल्यावर वही फेकू नका.